कडूबाईचं सुरेख काळीज

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत नळ एकच होता, आणि त्या नळावर भांडण सुरू करण्याचा मान कडूबाईचा होता. संपवण्याचा मात्र कधीच नव्हता. सुरुवात ती जोरात करायची. पदर खोचलेला, एक हात कमरेवर, शब्द एकाहून एक तिखट. पण समोरचीच्या माहेरापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच तिचा दम संपायचा. मग ती ओट्यावर मटकन बसायची आणि ‘थांब जरा’ अशी हातानं खूण करायची. समोरचीही थांबायची. कडूबाईचा श्वास जागेवर येईस्तोवर भांडण कशावरून लागलं होतं ते दोघींच्याही ध्यानातून गेलेलं असायचं.

नवरा लिंबाजी स्टेशनात सांधेवाला. रूळ बदलायचे, झेंडी दाखवायची, कंदील पुसायचे. बोलायचा इतकं कमी, की ह्याच्यापेक्षा सिग्नल बरा, तो निदान हात तरी हलवतो, असं स्टेशन मास्तर म्हणायचे. घरातला बोलण्याचा सगळा कोटा कडूबाईच वापरायची.

ती परभणीजवळच्या पेडगावची. आई सरजाबाई रोजानं शेतात जायची. आधीची लेकरं जगली नव्हती, आणि हे जन्मलं ते दूध प्यायला लागलं की घामाघूम व्हायचं. दोन घोट घ्यायचं, दम खायचं, पुन्हा दोन घोट. सरजाबाईनं नाव ठेवलं कडू. यमानं तोंडात टाकलंच तर थुंकून तरी देईल, असा तिचा विचार. थुंकून दिलं असावं, कारण पोरगी जगली. काटकुळी राहिली, दर हिवाळ्याला खोकत राहिली, पण जगली. बाजारातल्या एका डॉक्टरनं दमा सांगितला, वैदूनं उष्णता सांगितली, आत्यानं नाटकं सांगितली. कडूबाईनं तिघांचंही ऐकून घेतलं आणि तिघांनाही उलटं उत्तर दिलं.

लग्न होऊन ती पूर्णेला आली तेव्हा भिंतीला भिंत लागून शेजारीण मिळाली तानुबाई. वालूरच्या शेतकऱ्याघरची सून. नवरा नागनाथ रूळ दुरुस्त करणारा गँगमन म्हणून लागला आणि जोडपं कॉलनीत आलं. दोघींचं जेवढं पटायचं तेवढंच बिनसायचं. तानुबाई कडूबाईच्या घरात दुपारभर पाय पसरून बसायची, गहू निवडायची, डुलकीसुद्धा काढायची. पण त्या घरचं पाणी तिनं कधी तोंडाला लावलं नाही. कडूबाईचं घर बौद्धांचं.

“माझ्या मनात तसलं काई न्हाई माय,” तानुबाई म्हणायची, “पन सासूनं सांगून ठेवलंय.”

सासू तिकडं वालूरला. तिला इथला चहा दिसणार नव्हता की त्याचा वास जाणार नव्हता. कडूबाई ह्यावर कधी बोलली नाही. तिच्यासमोर बसून स्वतःचा चहा फुर्रकन आवाज करत प्यायची, तेवढंच.

शहात्तर सालच्या थंडीत कडूबाईला ताप भरला. लिंबाजी ड्यूटीवर होता, म्हणून तानुबाई गरम तेल घेऊन आली आणि छातीला चोळायला लागली. चोळता चोळता तिनं हात एकदम मागं घेतला.

“आगं बया! हितं काय हाय?”

“काय आसंल? काळीज हाय.”

“काळीज आसं घरघर करतंय व्हय? जात्यावानी?”

“माझं करतंय. ल्हानपनापासून करतंय. मला वाटलं समद्यांचंच करतंय.”

तानुबाईनं आपल्या छातीवर हात ठेवून पाहिलं. तिथं नेहमीची धडधड. पुन्हा कडूबाईच्या छातीवर, डाव्या अंगाला, मधल्या हाडाशेजारी तळवा टेकवला. आत मांजर बसून गुरगुरत असावं तशी थरथर थेट हातात येत होती. तानुबाईनं तेलाची वाटी बाजूला ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

“माहूरची हाय ही. तुझ्यात येऊन बसली, अन् तुला पत्ता न्हाई.”

“तानुबाई, आमच्यात देवी-बिवी न्हाई. छप्पन सालीच सोडलंय समदं.”

“तुमी सोडलं आसंल. तिनं कुठं सोडलंय?”

त्याच आठवड्यात नागनाथची लांबची बदली रद्द झाली. आता कुणाचं काय चालणार? तानुबाईनं पहिला नारळ आणून कडूबाईच्या उंबऱ्यावर ठेवला. मग फायरमनची बायको आली, मग लोकोशेडकडच्या दोघीतिघी आल्या. मंगळवारी दुपारी बायका येऊन कडूबाईच्या छातीवर हात ठेवायच्या, डोळे मिटायच्या, आपापलं गाऱ्हाणं घालायच्या. कडूबाई भाजी निवडता निवडता सांगत राहायची, “बायांनो, मी बौद्धाची हाय. माझ्यात काईबी न्हाई. त्या कोपऱ्यात ठिवा नारळ.”

लिंबाजीला हे पटत नव्हतं. ताटात रोज खोबऱ्याची चटणी यायला लागली तेव्हा तो दबक्या आवाजात म्हणाला, “विहारात कळलं तर काय म्हनतील?”

“नारळाला कुठं धर्म आसतोय? खावा गप.”

तो खायचा. चटणी फक्कड व्हायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर रेल्वेच्या दवाखान्यात हैदराबादहून नव्या डॉक्टरीणबाई आल्या. नाव नफीसा. वय कोवळं, चष्मा जाड, बोलणं हैदराबादी. कडूबाईचा खोकला काही केल्या हटेना, म्हणून तानुबाई तिला तिथं घेऊन गेली.

“क्या होरा?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“खोकला. चढ चढली की दम लागतोय.”

“और देवी बी है,” तानुबाईनं आपल्या हिंदीत भर घातली. “छाती में बैठेली है. मंगळवार कू लय गर्दी रैती.”

डॉक्टरीणबाई हसल्या. हसतच त्यांनी आला, म्हणजे छाती ऐकायचा स्टेथोस्कोप, कानाला लावला आणि कडूबाईच्या छातीवर ठेवला. मग हसणं थांबलं. आला चार ठिकाणी ठेवून झाला, पाठीला लावून झाला. शेवटी त्यांनी आला काढला, तळवा टेकवला आणि डोळे मिटले. तानुबाईनं कडूबाईला कोपर मारलं. बघ, ह्यासुद्धा.

“आज तक किसी डॉक्टर ने सुना नै ये?”

“डॉक्टर ने नै,” तानुबाई म्हणाली, “बाकी समदी कॉलनी ने सुना.”

डॉक्टरीणबाईंनी आल्याची टोकं तानुबाईच्या कानात घातली आणि दुसरं टोक तिच्याच छातीवर ठेवलं. तानुबाईनं ऐकलं. लुप-डुप, लुप-डुप. “यवडंच?” ती हिरमुसली. मग तेच टोक कडूबाईच्या छातीवर गेलं आणि तानुबाईचे डोळे मोठे झाले. नळाचं तोंड बोटानं दाबून धरल्यावर पाणी जसं फवारतं, तसा खर्रर्र, खर्रर्र आवाज प्रत्येक ठोक्याला येत होता.

डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, “दिल में सुराख है, अम्मा. पैदाइशी. कल मियाँ को लेके आओ. भूलना नक्को.”

दोघी घरी निघाल्या त्या हवेत. तानुबाई वाटेत भेटेल तिला सांगत होती, “हिचं काळीज सुरेख हाय म्हनल्या. जल्मापासून सुरेख हाय म्हनल्या. नवऱ्यालाबी बोलावलंय, त्येलाबी सांगनार हायेत.”

लिंबाजी ड्यूटीवरून आला तेव्हा कडूबाईनं त्याला दारातच धरलं. “मोठ्या डॉक्टरीणबाईनं तपासून सांगितलंय, माझं काळीज सुरेख हाय. तुमी कदी म्हनलाव का आसं?”

लिंबाजीनं टोपी खुंटीला अडकवली. त्याची निम्मी नोकरी हैदराबादी ड्रायव्हरांबरोबर गेली होती. “त्या बाई मुसलमान, हैदराबादच्या,” तो म्हणाला. “त्या सुरेख कामून म्हनतील?” मग म्हणाला, “सुराख म्हनल्या आसतील.”

“तेच की. सुराख म्हंजी काय?”

लिंबाजी खाली बसला. बुटाची नाडी सोडायला त्याला बराच वेळ लागला.

“भोक,” तो म्हणाला.

कडूबाई त्या दिवशी आणखी काही बोलली नाही. भिंतीपलीकडं तानुबाईला ही शांतता इतकी विचित्र वाटली की ती विस्तव मागायचं निमित्त करून बघून गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघा नवराबायकोला समोर बसवून समजावलं. त्या हैदराबादीत बोलत होत्या आणि हातानं टेबलावर घर काढत होत्या. हृदयाला चार खोल्या. खालच्या दोन मोठ्या, मधे भिंत. डावी खोली जोरकस, सगळ्या अंगाला रक्त पाठवणारी. उजवी बेताची, फक्त फुप्फुसाला पाठवणारी. आईच्या पोटात असतानाच ती भिंत पुरी व्हायची असते. कडूबाईची झाली नव्हती. डाव्या खोलीतलं रक्त त्या भोकातून उजवीत फवारत होतं, पुन्हा फुप्फुसात जात होतं, पुन्हा डावीकडं येत होतं. फुप्फुसाला रक्त जास्त, अंगाला कमी. म्हणून दम, म्हणून खोकला. आणि तो फवारा म्हणजेच घरघर.

“म्हंजी चूल पेटवली तानुबाईनं,” कडूबाई म्हणाली, “अन् धूर भिंतीतून माझ्या घरात. खोकायचं मी.”

“बिलकुल!” डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

“पन आवाज लय मोठा हाय म्हनल्या तुमी.”

“आवाज बडा है, ये तो अच्छी बात है.” फार मोठं भोक असतं तर दोन्ही खोल्यांतला जोर सारखा झाला असता, फवारा उडाला नसता, आवाजही आला नसता, आणि मग कुणालाच फारसं काही करता आलं नसतं. अजून वेळ होती. पण असंच राहिलं तर फुप्फुसं थकणार होती, हृदय फुगत जाणार होतं. बाळंतपण तर तिला झेपलंच नसतं.

कडूबाईनं लिंबाजीकडं असं बघितलं, की बघा, मोठा आवाज असणं चांगलंच असतंय.

इलाज होता. मद्रासला, रेल्वेच्या मोठ्या दवाखान्यात. सांधेवाल्याची बायको म्हणजे रेल्वेचीच माणूस. आधी सिकंदराबादला दाखवायचं, फोटो आणि आलेख काढायचा, तिथून पुढं मद्रास. छाती उघडून भोक बुजवायचं.

बातमी पेडगावला गेली आणि सरजाबाई येऊन दारात बसली. “काळीज कापून कोन जगतंय? माझी लेक खोकती तर खोकू द्या. खोकत का हुईना, हाय तर खरी.” तिच्याबरोबर कॉलनीतल्या बायकाही बसल्या. लिंबाजी एकदा सासूकडं, एकदा बायकोकडं बघत उभा राहिला.

कडूबाई आतून आली. “आई, ह्या नळावर मी एकबी भांडन पुरं केलं न्हाई आजपातूर. अर्ध्यात बसावं लागतंय. ह्या समद्या साक्षीला हायेत. मला एक तरी पुरं करायचंय.”

बायकांनी माना डोलावल्या, कारण खरंच सगळ्या साक्षीला होत्या.

बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच हवी होती. सरजाबाईला गाडी लागायची. पेडगावहून पूर्णेला येईस्तोवर ती अर्धी व्हायची, मद्रासला तर तिचाच इलाज करावा लागला असता. सगळ्या जणी एकमेकींकडं बघायला लागल्या, तेव्हा तानुबाई उठली.

“मी जाते.”

“तू?” कडूबाई म्हणाली.

“देवी निघून जायली. कोनीतरी वाटं लावाय नगं का?”

सिकंदराबादच्या डॉक्टरांनी नफीसाबाईंचं निदान खरं ठरवलं आणि तिघं मद्रासला पोहोचले. तिथल्या उकाड्यानं तानुबाई पहिल्याच दिवशी बेजार झाली. तिनं सोबत ज्वारीच्या वाळल्या भाकरी आणि ठेच्याची बरणी आणली होती. नर्सनं कडूबाईला मीठ बंद म्हणून ठेचा खायला मनाई केली, तेव्हा तानुबाईनं तो रोज तिच्यासमोर बसून एकटीनं खाल्ला. “वाया कामून घालवायचा?” वॉर्डातली आया तमिळ बोलायची, तानुबाई मराठी. दोघी एकमेकींना कळावं म्हणून आवाज वाढवत जायच्या. कळायचं काही नाही, पण चादरी बदलल्या जायच्या, गरम पाणी यायचं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दोघी एकाच पायरीवर बसून पाय दाबत आपापल्या सासवांबद्दल बोलत होत्या. सासवांबद्दलच, ते हातवाऱ्यांवरून दिसत होतं.

ऑपरेशनआधी आणखी एक तपासणी झाली. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत घातली. कडूबाई जागी होती. नळी एकेका खोलीत नेऊन तिथलं रक्त काढून बघायचं. ज्या खोलीत शिळं, काळपट रक्त असायला हवं तिथं ताजं लाल निघालं, की भिंतीतून कुणीतरी आलंय हे पक्कं. उजव्या खालच्या खोलीत तसंच निघालं. हिंदी येणारी एक नर्स तिच्या उशाशी होती. कडूबाईनं तिला विचारलं, “घर बघून झालं का पाव्हन्यांचं? काळजात आलेच हायेत तर बसा म्हनावं.” नर्सनं ते डॉक्टरांना सांगितलं की नाही कोण जाणे, पण पडद्याआड कुणीतरी हसलं.

ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवायचं होतं, आणि त्या यंत्रात घालायलाच पुष्कळ रक्त लागायचं. नातेवाइकांनी द्यावं असं सांगण्यात आलं. लिंबाजीनं दिलं. आणखी हवं होतं. इथं मद्रासला कुणाला शोधायचं? तानुबाईचं तपासलं, तर ते कडूबाईच्याच गटाचं निघालं.

तानुबाईला उभ्या आयुष्यात सुई टोचली नव्हती. ती सुईकडं बघून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग माहूरच्या देवीला दोन शिव्या दिल्या, पदराचा बोळा दातात धरला आणि हात पुढं केला.

वॉर्डात परतली ती पांढरीफटक. कडूबाईच्या खाटेवर टेकली.

“दिलं?” कडूबाईनं विचारलं.

“दिलं.”

“माझ्या घरचं पानी तुला चालत न्हाई. अन् तुझं रगत मला चालतंय का, ते कोनी इचारलं का मला?”

रागवावं की रडावं हे तानुबाईला ठरवता येईना. कडूबाईच्या हातात वॉर्डातली कॉफी होती, अर्धी प्यालेली. तिनं ती वाटी पुढं केली. “घे. चक्कर यील न्हाई तर.”

तानुबाईनं वाटीकडं बघितलं. मग ती दोन्ही हातांनी घेतली आणि फुर्रकन आवाज करत संपवली.

“सासू?” कडूबाई म्हणाली.

“सासू गेली उडत,” तानुबाई म्हणाली. “साखर कमी हाय हिच्यात.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोठे सर्जन फेरीला आले. काही विचारायचंय का, असं नर्सनं कडूबाईला विचारलं. तिला विचारायचं होतं. भोक बुजवणार कशानं? मातीनं की सिमेंटानं?

कापडाचं ठिगळ लावणार, असं उत्तर आलं. पांढरं कापड. सदऱ्यांचं टेरिलीन असतं ना, त्याच जातीचं.

कडूबाई उठून बसली. त्या काळी टेरिलीनचा सदरा म्हणजे मोठी गोष्ट होती. पूर्णेत स्टेशन मास्तरांकडं एक होता आणि तो ते सणालाच घालायचे. “आवो,” तिनं दारात उभ्या असलेल्या लिंबाजीला हाक मारली, “ऐकलाव का? तुमच्या मामानं लग्नात टेरिलीनचा सदरा देतो म्हनून शेवटी खादी दिली. माझ्या काळजाला टेरिलीन भेटायलंय.”

लिंबाजी हसला आणि तोंड फिरवून व्हरांड्यात गेला.

सकाळी तिला नेलं. चाकांच्या खाटेवरूनही ती तानुबाईला सांगत होती की ठेच्याची बरणी झाकून ठेव. मग दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर लिंबाजी आणि तानुबाई. तानुबाईनं तोंडातल्या तोंडात देवीचं नाव सुरू केलं. लिंबाजी गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होता. आणि मग, कुणी विचारलं नसताना, तो बोलायला लागला.

“तानुवैनी, रूळ दुरुस्त करायचा आसला की मेन लाईन बंद करावी लागती. गाड्या उभ्या ठेवून चालत न्हाई. मग बाजूच्या लूप लाईनीनं काढायच्या. तसंच हाय हे. काळीज बंद केलंय. रगत मशिनीतून काढायलेत. आंगाला जायलंय, परत यायलंय. तवर ते भिंत शिवतेत. शिवून झाली की मेन लाईन चालू. नागनाथ न्हाई का करत रोज? तसंच. काई इशेष न्हाई त्यात.”

तानुबाई नाव घ्यायची थांबली. शेजारी राहून लिंबाजीचं एवढं बोलणं तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं. तो तेच पुन्हा सांगायला लागला, मेन लाईन, लूप लाईन, आणि तिनं मधे एकदाही टोकलं नाही.

आत कडूबाईचं छातीचं हाड चिरलं होतं, हृदय थांबवलं होतं, आणि सर्जन त्या भिंतीवर बोटाच्या पेराएवढं ठिगळ टाका टाका जोडत होते. सगळे टाके झाल्यावर रक्त पुन्हा हृदयात सोडलं. ते थोडं थरथरलं, अडखळलं आणि चालायला लागलं.

दुपारी सर्जन बाहेर आले आणि लिंबाजीच्या खांद्यावर हात ठेवला. शब्द कळले नाहीत, हात कळला.

तरी पुढचे दिवस सोपे नव्हते. कडूबाईला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. घशात नळी असल्यानं बोलता येत नव्हतं, आणि तिला ओळखणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर ऑपरेशनपेक्षा हीच शिक्षा मोठी असं त्यानं सांगितलं असतं. नळी निघाली, पण ताप चढला, ठोके मधेच मंद व्हायला लागले. डॉक्टर येऊन जाऊन यंत्राकडं बघायचे. लिंबाजी जेवेना. मग ताप उतरला, ठोके सुधारले आणि तिला वॉर्डात आणलं. तानुबाईला आत सोडलं. लिंबाजी व्हरांड्यात थांबला.

थोड्या वेळानं तानुबाई बाहेर आली. पदर तोंडाला, डोळे वाहत होते.

“गेली वो,” ती म्हणाली. “गेली, दादा.”

लिंबाजी भिंतीला धरत खाली घसरला आणि डोळे मिटून आडवा झाला. आयानं धावत येऊन पाणी शिंपडलं, दोन नर्सा आल्या, कुणीतरी डॉक्टरांना हाका मारायला लागलं. तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला.

“तानुबाई! पेज आनायला गेलीस का पेरायला?”

लिंबाजीनं डोळे उघडले. तानुबाई गोंधळून त्याच्याकडं बघत होती. “आवो, देवी गेली म्हनलं मी! हात ठिवून बगितला. घरघर बंद. नुसतं लुप-डुप, माझ्यासारखं. कडूबाई बसलीय आत, पेज मागायली. तुमी कामून झोपलाव?”

लिंबाजी त्यानंतर तानुबाईशी दोन दिवस बोलला नाही. तो एरवीही फारसा बोलत नसल्यामुळं हे तिला कळायला तिसरा दिवस उजाडला.

पूर्णेला परतल्यावर पहिल्या मंगळवारी बायका आल्या. एकेकीनं हात ठेवून पाहिला. काही नाही. फायरमनच्या बायकोनं तर कान लावला. “रिकामं वाटतंय,” ती म्हणाली. पुढच्या मंगळवारपासून नारळ बंद झाले. लिंबाजी काही दिवस ताटाकडं बघून उसासे टाकायचा. तानुबाईनं मात्र लवकरच नवं सुरू केलं. कडूबाई एखादी गोष्ट शहाणपणाची बोलली की ती म्हणायची, “ते माझं रगत बोललं.” आणि वेडंवाकडं बोलली की, “ते लिंबाजीदादाचं.” कडूबाईच्या वाट्याला काहीच येईना.

नफीसाबाईंनी आला लावून तपासलं, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि ह्या वेळी चष्मा काढून पुसला. “अब सच्ची में सुरेख है,” त्या म्हणाल्या. हा मराठी शब्द त्यांना लिंबाजीनं शिकवला होता.

छातीचं हाड सांधल्यावर कडूबाई घागर घेऊन नळावर गेली. फायरमनच्या बायकोशी नंबरावरून लागलं. कडूबाई कमरेवर हात ठेवून सुरू झाली. माहेरापर्यंत आली, माहेर ओलांडलं, आजोळापर्यंत गेली. दम लागेना. समोरची सवयीनं मधे थांबून बसली. कडूबाई थांबलीच नाही. सगळं बोलून झालं, एकही शब्द शिल्लक राहिला नाही, आणि मग नळावर अशी शांतता पसरली की पाण्याची धार ऐकू यायला लागली. पुरं झालेल्या भांडणाचं पुढं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी कडूबाईनंच तिची घागर भरून दिली आणि डोक्यावर चढवायला हात लावला.

एक-दोन वर्षांनी उन्हाळ्यात स्टेशनावर पाणी पाजायला हंगामी माणसं घ्यायची होती. कडूबाईनं आपलं नाव दिलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून होकार दिला. सगळ्यांना पुरुषच हवे होते, पण कडूबाई स्टेशन मास्तरांशी बोलायला गेली आणि बोलणं पुरं करूनच बाहेर आली. फलाटावर दोन हातांत दोन बादल्या घेऊन, “पानी घ्या, गार पानी,” असं ओरडत ती डब्याडब्यासमोर जायची. पाणी देणारी कोण, कुठल्या जातीची, हे विचारायला कुणाला वेळ नसायचा. खिडकीतून तांबे, गडवे, फिरकीचे डबे पुढं यायचे, ती भरून द्यायची.

एकदा काचीगुड्याच्या गाडीत एका म्हाताऱ्यानं पितळी तांब्या तिच्या हातात दिला आणि तेवढ्यात इंजिनानं शिट्टी दिली. गाडी सुटली. तांब्या कडूबाईच्या हातात, म्हातारा खिडकीत. “आगं माझा तांब्या! लेकीनं दिलेला हाय!” तो ओरडायला लागला.

कडूबाईनं तांब्या भरला आणि पळायला लागली. लुगड्याचा काठ एका हातात, तांब्या दुसऱ्यात. अर्धं पाणी फलाटावर, अर्धं अंगावर. डबा पुढं, ती मागं, मग ती बरोबर, मग फलाट संपायच्या आत तिनं तांब्या खिडकीत दिला.

“राहिलं का पानी?” ती ओरडली.

म्हाताऱ्यानं तांब्यात डोकावून बघितलं. “घोटभर हाय!”

“मग प्या की!”

गाडी गेली. फलाटाच्या टोकाला लिंबाजी हिरवी झेंडी धरून उभा होता. गार्डाचा डबा लांब निघून गेला तरी झेंडी खाली आली नव्हती. तो तोंड उघडं ठेवून बायकोकडं बघत होता.

“काय बगायलाव?” कडूबाई म्हणाली. तिला धाप लागली होती, चार माणसांना लागते तशी, आणि ती हसत होती. “तिकडं बादल्या उघड्या पडल्यात. कुत्रं तोंड घालंल. चला, एक तुमी उचला.”

लिंबाजीनं झेंडी गुंडाळून काखेत मारली आणि बादलीकडं निघाला.